डांबरीचा दाखवायचा फोटो

फोटोच्या धंद्यात माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण त्याचा चांगला गाल कुठला ते शोधत असतो. मला ही खोड चाळीस वर्षांपूर्वी लागली आणि अजून सुटलेली नाही. दूधवाला असो, बँकेतली मुलगी असो, देवळातले कीर्तनकार असोत, दोन मिनिटांत मी मनातल्या मनात त्यांना थोडं डावीकडे वळवून, हनुवटी खाली घेऊन बसवलेलं असतं.

उस्मानपुऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा मुकुंदांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हातात, आणि बाकी सगळं माझ्या. बाकी सगळं म्हणजे समोर स्टुलावर बसलेल्या मुलीचं काय करायचं ते. पासपोर्टचे, शाळेचे फोटो आम्ही काढायचोच, पण आमचं नाव झालं ते दाखवायच्या फोटोंमुळे. पत्रिकेबरोबर स्थळाकडे पाठवतात तो फोटो. पुढचा दात किडलेला असेल तर मी ओठ मिटून हसायला शिकवायची, मानेवर डाग असेल तर केस पुढे घ्यायची, एक डोळा तिरळा असेल तर चेहरा असा वळवायची की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी लाजून खिडकीबाहेर बघतेय. आमच्या स्टुडिओला खिडकीच नव्हती. मग निगेटिव्हवर ब्रशनं थोडंसं काम. मुलींच्या आया म्हणायच्या, कालिंदीताई, तुमच्या हाताला गुण आहे. मलाही तसंच वाटायचं आणि ते मी कधी लपवलं नाही.

पुढे मोबाइल आले, मुली आपले फोटो आपणच काढायला लागल्या, स्टुडिओ बसला. मग मुकुंदही गेले. जुने फोटो जोडून द्यायचं काम तेवढं मी घरी करत राहिले. असाच एक फाटका फोटो घेऊन इंद्रजीत आला. तिशीतला मुलगा, घरची शेती बिडकीनकडे, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत. शिफ्ट संपली की उरलेला सगळा वेळ तो बजाजनगरच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये काढायचा. तिथे त्यानं आणि त्याच्या मित्रांनी भटक्या, जखमी कुत्र्यांसाठी निवारा काढला होता. फोटो जोडून होईपर्यंत त्यानं भिंतीवरचे माझे जुने नमुने बघितले आणि म्हणाला, "काकू, लोक कुत्री घरी न्यायला तयार असतात, पण आमचे फोटो बघून पळतात. मोबाइलवर काढले की आमची सगळी पोरं पोलीस ठाण्यातून सुटल्यासारखी दिसतात."

मी त्याला सांगितलं की मी जन्मात कुत्र्याला हात लावलेला नाही. तो म्हणाला, हात कॅमेऱ्याला लावा. उलट उत्तर देणारी माणसं मला आवडत नाहीत, पण रविवारी मी सिटी बस धरून गेले.

निवाऱ्याचा खरा कारभार वच्छलाबाईच्या हातात होता. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. कुत्र्यांचं रांधायचं, धुवायचं, औषध चारायचं, सगळं ती करायची. तिच्या हातात कायम एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं ताट आणि पळी. कुठल्याही पिंजऱ्याकडे जायचं तर ताट बडवत, मोठ्यानं बडबड करत. मला त्या आवाजानं डोकं उठायचं. मी एकदा म्हटलं, बाई, जरा हळू. ती म्हणाली, तुमी तुमचं काम करा. आमचं जमणार नाही असं मला वाटलं, तिला तर नक्कीच वाटलं असणार.

पण माझं काम मी केलं. घरून स्टुडिओतला मरून मखमली पडदा आणला, कंगवा आणला, बिस्किटांचे पुडे आणले. दुपारचं ऊन टाळून पाचच्या सुमाराला फोटो काढायला लागले. एका कुत्र्याचा कान अर्धा गेलेला, तर मी बिस्किट अशा ठिकाणी धरायची की तो कान मागे जावा. एकाच्या पाठीवर खरूज, तर त्याला समोरून. ज्याचे पाय फेंगडे, त्याला बसवून. तीन महिन्यांत निवाऱ्यातल्या बऱ्याच जणांना घर मिळालं. इंद्रजीत मला देव मानायला लागला. मी वरवर नको नको म्हणत होते. मनातून लई खूश होते, हे वच्छलाबाईच्या भाषेत सांगितलेलं बरं.

शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यात डांबरी होती.

चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामावर उकळत्या डांबरात ती पडली होती. बाहेर काढली, जगली, पण उजवा डोळा गेला. उजव्या कानापासून मांडीपर्यंत केस नाहीत, नुसती सुरकुतलेली, गुलाबी-काळी कातडी. नाव वच्छलाबाईनं ठेवलेलं, आणि वच्छलाबाई नाव ठेवताना फार विचार करत नाही. चार वर्षं दर रविवारी लोक यायचे, त्या पिंजऱ्यापर्यंत यायचे, चुकचुकायचे आणि पुढे जायचे. आता ती कुणी आलं तरी उठायचीसुद्धा नाही.

आणि डावी बाजू? डावी बाजू बघाल तर काळाभोर, तुळतुळीत केस, ताठ कान आणि मधाच्या रंगाचा एक डोळा. असा डोळा मी माणसातही फार बघितला नव्हता. मी इंद्रजीतला म्हटलं, हिचं मी जमवून दाखवते.

फोटो काढायला फारसे कष्ट पडले नाहीत. ती आपसूकच डावी बाजू आपल्याकडे करून बसायची. मला वाटलं, वा, हुशार आहे, हिला आपली चांगली बाजू कळते. मरून पडदा, तिरपं ऊन, मान किंचित वर. नाव मी बदललं. डांबरी नावानं कोण नेणार? लग्नात नावं बदलतातच, म्हणून मी फोटोखाली 'श्यामा' लिहिलं. वच्छलाबाईला मोबाइलवर दाखवला तेव्हा तिनं बराच वेळ बघून विचारलं, "ही कोण हाय?" ते कौतुक आहे असं मी समजले.

इंद्रजीतनं मात्र जरा कच खाल्ली. दुसऱ्या बाजूचाही एक फोटो टाकू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आल्यावर दिसेलच की, आधी येऊ तर दे. हे वाक्य मी आयुष्यात किती आयांना सांगितलं असेल त्याला गणती नाही.

पुंडलिकनगरचं एक कुटुंब आलं. देवेश, त्याची बायको मनस्विनी आणि नऊ वर्षांची संस्कृती. पोरीनं आठवडाभर तो फोटो उशाशी ठेवला होता म्हणे. नवा पट्टा, नवी वाटी, सगळं घेऊन आलेली. इंद्रजीतनं डांबरीला बाहेर आणलं, ती वळली, आणि उजवी बाजू दिसली. मनस्विनीचा चेहरा मी बघितला. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आत येते आणि मुलाची आई तिच्याकडे बघून गप्प होते, तेव्हाचा चेहरा.

देवेशनं डोळ्याबद्दल विचारलं. इंद्रजीत तेवढ्यात औषधाच्या गाडीवाल्याशी बोलायला फाटकाकडे गेला होता. मी म्हणाले, "या बाजूनं जरा कमी दिसतं. बाकी स्वभावानं अगदी गरीब आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून असं सहज गेलं की मला खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. संस्कृती तोवर खाली बसून श्यामा, श्यामा करत होती, तीही डाव्या बाजूला. तिच्याकडे बघून आईबाप विरघळले. कागदावर सह्या झाल्या, गाडी गेली, आणि मी इंद्रजीतला पेढे आणायला पाठवलं.

वच्छलाबाई त्या दिवशी गावाकडे लग्नाला गेली होती. सोमवारी आली, पिंजरा रिकामा बघितला, डोळ्याला पदर लावला. मग मला तिनं एवढंच विचारलं की त्यांना समदं सांगितलं ना. मी म्हणाले, हो, सांगितलं.

गुरुवारी देवेश एकटाच आला. मागच्या सीटवर डांबरी.

झालं होतं ते असं. संस्कृती शाळेतून आली. डांबरी सोफ्याजवळ झोपलेली होती. पोरगी उजव्या बाजूनं आली आणि तिनं तिच्या गळ्यात हात टाकला. डांबरीला काही दिसलं नाही, नुसती कातडीवर एकदम काहीतरी पडल्याची जाणीव झाली असणार. ती उलटली. मनगटावर दोन दात. इंजेक्शनं सुरू झाली होती, पोरगी ठीक होती, पण रडून रडून झोपली होती. देवेशनं हे सगळं शांतपणे सांगितलं. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं, कारण आरडाओरड्याला माझ्याकडे नेहमी उत्तर असतं.

शेवटी तो माझ्याकडे वळला. "काकू, डोळाच नाही असं सांगितलं असतंत तरी आम्ही नेली असती. फक्त तिकडून हात लावला नसता."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "शेवटी जनावर आहे."

तो निघून गेला. निवाऱ्याचा एक नियम होता. ज्या कुत्र्यानं माणसाला दात लावले त्याच्या पिंजऱ्यावर लाल पाटी लागायची, आणि लाल पाटीचं कुत्रं कुणाला द्यायचं नाही. इंद्रजीतनं डांबरीच्या पिंजऱ्याला लाल पाटी बांधली. देवेशचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, माझं उत्तरही ऐकलं होतं. त्यानं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. मीही पाटी बांधून होईपर्यंत तिथे उभी राहिले आणि एका शब्दानं काही बोलले नाही. कुत्री चावरी ठरली, आणि मी पर्स उचलून बस धरली.

पुढच्या रविवारी गेले तर डांबरी पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभी. फाटकाकडे डावा डोळा. गाडीचा आवाज आला की शेपूट हलायची, गाडी पुढे गेली की थांबायची. खाणं तसंच पडलेलं. वच्छलाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला तोवर सगळं कळलं होतं.

"चार वर्सं ती कुणाची वाट बघत नव्हती," ती म्हणाली. "आता बघती. ह्ये तुमी केलं."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. मनात म्हटलं, चार वर्षं हिला कुणी बघतही नव्हतं, निदान मी फाटकापर्यंत तरी पोचवली. बसमध्ये बसेपर्यंत मी हेच घोळवत होते. नगर नाक्याच्या आसपास मला ते छत्रीवाले गृहस्थ आठवले.

स्टुडिओतली गोष्ट. एका मुलीचा फोटो मी तसाच खिडकीबाहेर बघणारा काढून घेतला होता. लग्न जमलं, झालं, आणि दोन महिन्यांत ती माहेरी परत आली. तिचे वडील स्टुडिओत आले. भांडले नाहीत. फोटोत डोळा का दिसत नाही, एवढंच विचारत होते. मी म्हटलं, अहो, डोळा फोटोत आहेच, दिसत नाही एवढंच. त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि गेले. हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं हसून सांगितला, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत. माझ्या हजरजबाबीपणाचा किस्सा म्हणून. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी तिच्या वडिलांना विचारलं नव्हतं. मुलीचा तर मला आवाजही आठवत नव्हता. स्टुलावर बसली होती तेव्हा मी तिला बोलूच दिलं नव्हतं, बोललं की चेहरा हलतो.

त्या दिवशी बसमध्ये मला माझी लाज वाटली. अशी लाज वाटायची सवय नव्हती, त्यामुळे ती नीट सांभाळताही येईना. शेजारच्या बाईनं विचारलं, काही होतंय का. मी म्हटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी इंद्रजीतची शिफ्ट सुटायच्या वेळेला शेडवर जाऊन बसले. तो आला तेव्हा सांगून टाकलं, की मी कमी दिसतं म्हणाले होते, मुद्दाम म्हणाले होते, आणि वच्छलाबाईलाही खोटं सांगितलं. पाटी काढ. तो हातपाय धूत होता. त्यानं नळ बंद केला आणि म्हणाला की ते त्याला कळलं होतं, पण पाटी त्याच्या मनावर नाही. निवाऱ्याच्या डॉक्टरांची अट होती. तीन वेगवेगळ्या माणसांनी चारी बाजूंनी हात लावायचा, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि कुत्र्यानं गुरगुरायचंही नाही. मग पाटी निघते. डांबरी उजव्या अंगाला फक्त वच्छलाबाईला हात लावू द्यायची. इंद्रजीतलाही नाही.

"मग दुसरी मी," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

वच्छलाबाईकडे मी शिकायला गेले तेव्हा तिनं मला आधी अर्धा तास कांदे सोलायला लावले. ते बहुतेक शिक्षेत धरलं असावं. मग म्हणाली, "आधी आवाज. मंग पाय. मंग हात. तिला दिसत नाय, तर तिला कळाया पायजे कोण येतंय. म्या काय उगं ताट बडवत फिरती व्हय?"

तेव्हा मला कळलं. मी जो आवाज बंद करायला सांगत होते, तो त्या जनावरांना आधी दिलेली खबर होती. तिथे एक आंधळं कुत्रं होतं, दोन म्हातारी होती, ही एक होती. आणि डांबरी डावी बाजू पुढे करून बसायची ती काही छान दिसायला नव्हे. माझ्यावर नजर ठेवायला बसायची. मी तिच्या संशयाचा फोटो काढला होता आणि त्याला सौंदर्य समजले होते.

मला आवाज देणं जमेना. चाळीस वर्षं मी लोकांना गप्प बसवत आले, हलू नका, श्वास धरा. आता मला एका पत्र्याच्या भिंतीजवळ बसून कुत्रीशी गप्पा मारायच्या होत्या. पहिल्या दिवशी मी रामरक्षा म्हटली. ती गुरगुरली. मग हळूहळू बोलायला लागले. आज बस कशी चुकली, शेजारच्यांनी पाण्याची मोटर कशी चालू ठेवली, मुकुंद चहात किती साखर घ्यायचे आणि डॉक्टरांना किती सांगायचे. रोज नाही, पण एकाआड एक दिवस जायची. कॅमेरा घरी ठेवून. आधी डाव्या बाजूला बसून, मग समोर, मग थोडं थोडं उजवीकडे सरकत. मी सरकले की तीही वळायची. दोघी मिळून आम्ही पिंजऱ्यात गोल गोल फिरत होतो. वच्छलाबाई लांबून बघून म्हणायची, झिम्मा चाललाय.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी उजवीकडे सरकले आणि ती वळली नाही. मी बोलत राहिले. काय बोलत होते ते आठवत नाही. तिचा केस नसलेला कान माझ्या आवाजाकडे फिरला, तिनं एक मोठा श्वास सोडला, आणि माझ्याकडे ती बाजू करून आडवी झाली. मी बोलता बोलता हात ठेवला. कातडी गरम होती, आणि मला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ मऊ. ती झोपून गेली.

मी रडले. जिकडून आपल्याला काही दिसत नाही ती बाजू कुणाच्या स्वाधीन करून झोपणं, हे किती मोठं देणं आहे हे मला साठी उलटल्यावर कळत होतं, आणि तेही एका कुत्रीकडून.

दोन दिवसांनी कॅमेरा नेला. पडदा नेला नाही. ती तशीच झोपली होती, उजवी बाजू वर. मी आधी तिला सांगितलं की फोटो काढतेय, मग काढला. चट्टा, डोळ्याची मिटलेली खोबण, सगळं. घरी येऊन त्यावर एक ठिपकाही मारला नाही. खाली लिहिलं: नाव डांबरी. उजवा डोळा नाही. उजवीकडून येताना आधी बोला, मग हात लावा. एका मुलीला चावली आहे, कारण त्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तोवर इंद्रजीतही तिच्या उजव्या बाजूला बसायला शिकला होता. डॉक्टर आले, दोन वेळा बघून गेले, लाल पाटी निघाली. फोटो सगळीकडे टाकला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, रडक्या चेहऱ्याची पाठवली, बिचारी असं लिहिलं. बघायला कुणी आलं नाही. मी तोच फोटो देवेशलाही पाठवला होता, बरोबर चार ओळी, की तुमच्या मुलीला चावली ती माझ्या खोट्यामुळे, कुत्रीचा दोष नाही, माफी मागते. त्यानं ते वाचल्याचं मोबाइलनं दाखवलं. उत्तर आलं नाही, आणि यायला पाहिजे असं मला वाटलंही नाही.

तिसऱ्या रविवारी ते तिघं आले.

मला वाटलं, इंजेक्शनच्या कागदांचं काही राहिलं असेल. संस्कृती आईच्या मागे उभी होती, ओढणी धरून. मनस्विनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी आता रस्त्यात कुत्रं दिसलं की पलीकडच्या बाजूला जाते. आणि रोज एकच विचारते, श्यामाला मी आवडत नव्हते का. आम्ही सांगून थकलो, आता तुम्हीच सांगा.

मी एक बादली पालथी घातली आणि संस्कृतीसमोर बसले. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिचा चांगला गाल कुठला ते काही दिसत नव्हतं.

"ती मला का चावली?" तिनं विचारलं.

"तिला उजव्या बाजूनं काहीच दिसत नाही. तू आलीस ते तिला कळलं नाही, ती घाबरली. हे मला आधीपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर तू तिला नेणार नाहीस असं वाटलं मला."

तिनं आईची ओढणी सोडली. मग म्हणाली, "पण मला तर ती आवडलीच होती."

या चाळीस वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, की समोरच्याला आवडूही शकतं. मी तिला सॉरी म्हणाले. तिनं मान हलवली, म्हणजे तिनं माफ केलं की नुसतं ऐकलं ते कळलं नाही.

वच्छलाबाईनं तिला डांबरीच्या पिंजऱ्याच्या उजव्या अंगाला नेलं, चार हात लांब उभं केलं आणि कसं करायचं ते सांगितलं. पोरगी एक पाऊल मागे सरकली. मग म्हणाली, "डांबरी, मी संस्कृती. मी या बाजूला आहे."

डांबरी झोपली होती ती एकदम उठली. वळली नाही. आवाज आला त्या बाजूला तशीच सरकत सरकत आली आणि तिनं आपलं उजवं अंग जाळीला चिकटवलं. शेपूट इतक्या जोरात हलत होती की पाण्याचं भांडं सांडलं. संस्कृती पुढे आली आणि तिनं दोन बोटं जाळीतून आत घातली. देवेश पुढे धावला आणि वच्छलाबाईनं त्याला हातानं थांबवलं.

ते बघत आम्ही सगळे उभे राहिलो. थोड्या वेळानं मनस्विनी माझ्याकडे वळली. "आज मला सगळं सांगा," ती म्हणाली. "आणखी काय काय आहे ते."

इंद्रजीत माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की काकू, जरा सांभाळून. मला माहीत होतं, आता एक शब्द कमी बोलले तर जमेल. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांनी काय बोलायचं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला पाठ असणार? आणि ही शेवटची संधी होती, डांबरीला तिसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं.

मी सांगायला लागले. तिचं वय सात तरी असेल, फार तर पाचसहा वर्षं उरली असतील. त्या बाजूला केस कधीच येणार नाहीत. उन्हाळ्यात कातडी फुटते, रोज खोबरेल तेल लावावं लागतं, आणि ते तेल तुमच्या सोफ्याला लागणार. झोपेत घोरते. पोळ्या चोरते, डबा उघडता येतो तिला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच सांगावं लागेल, कुठल्या बाजूनं या. एक दिवस सांगायचं विसरलात तर पुन्हा तसंच होईल. एकेक शब्दानं मी माझ्याच हातानं हे स्थळ मोडत होते. इंद्रजीतनं मान खाली घातली होती.

"आणि एकदम मोठा आवाज झाला की घाबरते," मी म्हणाले. "इथे शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी कोपऱ्यात जाऊन बसते. तास तास बाहेर येत नाही."

"शिट्टीचं माहीत आहे," मनस्विनी म्हणाली. "ते चार दिवस मी भात पातेल्यातच करत होते."

मग तिनं देवेशला गाडीचं मागचं दार उघडायला सांगितलं.